काकूंच्या मेसमधली अंतराळयानं

काकू आधी ताट बघायच्या, मग माणूस, आणि मग निकाल द्यायच्या. ‘तुले लंबी मालिका चालते, बाबू. वरण-भात किती निवांत कालवून राहिला पाह्य!’

भिलाईच्या स्मृती नगरातल्या त्यांच्या मेसमध्ये आम्ही सगळे एकटे राहणारे जेवायचो. कोणी पोलादाच्या प्लांटमधला, कोणी हथखोजच्या कारखान्यातला. ठेचा असा, की दिवसभर भट्टीसमोर उभा राहणारा गडी इथे येऊन घाम पुसायचा. फोडणी पडली की पार कुरुदपर्यंत लोक शिंकायचे. खोटं वाटत असेल तर कुरुदला जाऊन विचारा.

काकूंचा मुलगा नोकरीला परदेशी गेला, तेव्हा जुन्या विज्ञान-कार्टूनांनी गच्च भरलेली हार्ड डिस्क घरी ठेवून गेला. रिकाम्या दुपारी काकूंनी ती लावली, आणि बघता बघता भिलाईत त्यांच्याएवढं अंतराळ हिंडलेलं माणूस उरलं नाही. भराभर जेवणाऱ्याला त्या सुट्या गोष्टींची मालिका बघायला सांगत; दर भागात नवा ग्रह, नवी भानगड. ताटात टाकणाऱ्याला पृथ्वी उजाड होते ती. ‘अन्न फेकतो ना? पाह्य मंग, पुढं काय होते ते!’

‘काकू, हे तर पोट्ट्यांचं कार्टून,’ असं कोणी म्हटलं की पळी वर. ‘एक-एक चित्र हातानं काढलं हाय, बाबू. त्यातलं मशीनबी माणसाच्या घामाचं हाय. पहिले दोन भाग पोळीसंगं ढकल. तिसऱ्यात यान सुटते, मंग तूच उठत नाही.’

अडचण एकच. मेसमध्ये टीव्ही एक, आणि त्यावर राज्य काकूंचं. अशात समोर नवी मेस निघाली. भिंतीएवढा टीव्ही, त्यावर बारा महिने क्रिकेट. काकूंची निम्मी पंगत रस्ता ओलांडून गेली. मेस बंद पडली तर घर सोडून नागपूरला मुलीकडे जावं लागणार, हे काकूंना ठाऊक होतं आणि आम्हालाही. तरी हथखोजच्या एका वेल्डरनं तोंड उघडलंच, ‘काकू, कल फायनल है. मॅच लावा, नाही तर आमीबी चाललो.’

‘मी सांगते तो एक भाग पाहा,’ काकू म्हणाल्या. ‘नाही आवडला, तर रिमोट तुमचा. आवडला, तर कोनी हालाचं नाही.’

आम्हाला वाटलं, लढाईचा भाग काढतील; चार ग्रह फुटतील, दोन सूर्य विझतील. दुसऱ्या दिवशी काकूंनी लावला तो सगळ्यांत शांत. यानातली माणसं एका ग्रहावर उतरली, ती परतलीच नाहीत. मागे स्वयंपाकाचं यंत्र एकटं. रोज संध्याकाळी ते सगळ्यांची ताटं मांडतं, अन्न निवलं की उचलतं, ताटं पुसून ठेवतं. शेवटी दार वाजतं, आणि कोण आलं ते न दाखवताच भाग संपतो.

पंगतीत पापड मोडायची कोणाची हिंमत नव्हती. समोरून सिक्सरचा असा आरडाओरडा झाला की छतावरचे पत्रे हलले. आमच्यातल्या एकाचीही मान वळली नाही.

‘बोला,’ काकू दारातून म्हणाल्या. ‘लावू मॅच?’

वेल्डर उठला. आम्हाला वाटलं, गेला हा. तो सरळ स्वयंपाकघरात गेला, एक ताट घेऊन आला आणि आपल्या शेजारी मांडलं. ‘बैठो काकू. आज आमच्यासंगं जेवा.’

मेस त्यानंतरही चांगली चालली. काकू पुढे नागपूरला गेल्या, पण आपल्या मर्जीनं. मेसच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. तिथून जाताना मला ती संध्याकाळ दिसते. काकू त्याआधी कधीच आमच्या पंगतीला बसलेल्या नव्हत्या. आम्ही धडपडत वाढत होतो. त्यांनी पहिला घास घेतला, थांबल्या, आणि पंगतभर डोळे वटारले.

‘भाजीत मीठ कमी हाय! रोज असंच असते? मंग मले कावून नाही सांगितलं रे कोनी?’