नारायणआप्पांचा उजवा कान

“…उजव्या कानात कायच येत न्हाय रं. डाव्यात लई गोड येतंय, पर उजवा पार बंद. परवापासनं. आणि हे बघ, तुझ्या आईला सांगू नको…”

एवढंच ऐकलं मी. पुढचं ऐकणार, तोच माझ्या स्वयंपाकघरात कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि डाळ लागू नये म्हणून मी आत पळाले. डाळ वाचली. माझी अब्रू मात्र वाचली नाही. ती कशी गेली ते सांगते. चहा गार झाला तर परत करू, पण मधे उठू नका.

आधीच सांगते, मी काही भिंतीला कान लावून उभी नव्हते. बेळगावच्या अनगोळात आमचं घर आणि नारायणआप्पांचं घर यांच्यामधे एकच कंपाउंड आहे. त्यांचा कढीपत्ता आमच्या बाजूला वाकलाय, त्याला मी काय करणार? आमटीसाठी पाच पानं तोडायला गेलते. पाच पानांना लागतो तेवढाच वेळ लागला. फार तर दहा मिनिटं.

आता नारायणआप्पा कोण? पेटी दुरुस्त करणारे. आतल्या पितळी पट्ट्या बारीक कानशीनं घासायच्या, वाजवून बघायच्या, परत घासायच्या, असं त्यांचं दिवसभर चाललेलं असतं. खानापूरच्या भजनी मंडळांपासून निपाणीच्या गाण्याच्या क्लासपर्यंत सगळ्यांच्या पेट्या त्यांच्याकडे येतात. एखादा सूर केसाएवढा उतरला तरी आप्पांच्या कपाळाला आठी पडते. म्हणजे त्या माणसाचं पोट हातावर नाही, कानावर आहे. त्यात गणपती दीड महिन्यावर आलेले. अशा वेळी उजवा कान गेला, बायकोपासून लपवलाय, आणि बेंगलोरच्या पोराला तेवढं फोनवर सांगतायत. माझ्या जागी कोण गप्प बसलं असतं?

बसलं असतं कोणीतरी. हे मला आत्ता कळतं.

आमच्या मालकांना सांगितलं, तर पेपरातून मान वर न करता म्हणाले, तुला काय करायचं हाय. तिथं सल्ला मिळणार नाही हे कळलं. मग दुधाच्या दुकानात सुमनला सांगितलं. एकटीलाच, आणि कुणाला सांगू नको असं बजावून. तरी दुसऱ्या दिवशी गल्लीतली चार माणसं आप्पांच्या डाव्या बाजूला जाऊन मोठमोठ्यानं बोलायला लागली. रिक्षावाला बाळू तर त्यांच्या डाव्या कानाजवळ तोंड नेऊन “जेवलासा काय?” असा ओरडला की आप्पांच्या हातातली पिशवी पडली. टमाटे मीच गोळा करून दिले, डाव्या बाजूनं.

तरी मी म्हटलं, डोळ्यानं बघितल्याशिवाय बोलू नये. थालीपीठ झाकून घेतलं आणि त्यांच्याकडे गेले.

बघते तर काय, आप्पा खुर्चीत बसलेले, डोळे मिटलेले, आणि दोन्ही कानांवर काळ्या वाट्या. साध्या नव्हेत, आमटीच्या वाट्यांएवढ्या. त्यातनं जाड वायर निघून टेबलावरच्या एका पेटाऱ्यात गेलेली. त्याच्या शेजारी आणखी एक छोटा डबा, त्याला निळा दिवा. आप्पा पेटाऱ्याचं बटण थोडं फिरवत, मान डावीकडं कलती करत, परत थोडं फिरवत.

आप्पांची बायको, शारदावैनी, आतनं आल्या आणि माझ्याजवळ रडगाणं सुरू केलं. म्हणाल्या, सहा महिने झाले, ह्या घरात हेच चाललंय. आधी कानावरचं आलं. ते लई भारी आहे म्हणे, नुसत्या फोननं त्याला जोर पोचत नाही. म्हणून एक डबा आला. त्यातनं बारीक फुसफुस ऐकू येत होती, म्हणून तो परत गेला आणि जास्त ताकदीचा आला. मग कळलं की मधे अजून एक डबा पाहिजे. “एवढ्याशा दोन कानांना किती संसार लागावा मंगला?” म्हणाल्या.

त्या बिचाऱ्या तक्रार करत होत्या आणि मी मनात हिशेब करत होते. सहा महिने. पहिल्या मशीननं भागलं नाही, जास्त ताकदीचं लागलं. त्यानंही भागलं नाही, मधे आणखी एक लागलं. म्हणजे कान किती गेला असेल तुम्हीच बघा. आणि ही बाई, नवऱ्याला नवा छंद लागलाय असं समजून बसलीय.

आप्पांनी वाट्या काढल्या तेव्हा मी हळूच विचारलं, फरक पडतोय का?

“डाव्या बाजूला लई फरक हाय,” ते खूश होऊन म्हणाले. “उजव्याचं आमचा विनायक बेंगलोरहून आला की बघू.”

आता ह्यापुढं आणखी काय पुरावा पाहिजे होता?

निपाणीच्या सुलभाबाईंना मी ओळखते. त्यांचा गाण्याचा क्लास आहे, आणि दर वर्षी गणपतीच्या आधी त्यांच्या सहा पेट्या आप्पांकडे येतात. त्या वर्षीच्याही आल्या होत्या, पुढच्या खोलीत एकीवर एक रचलेल्या. सुलभाबाई जिथं पेट्या देतील तिथं बाकीचे देतात, असं आहे. मला वाटलं, ह्या वेळी सूर इकडंतिकडं झाला तर बाई चिडतील, आप्पांचा अपमान करतील. त्यापेक्षा आधीच समजावून सांगितलेलं बरं. म्हणून फोन केला. म्हटलं, बाई, ह्या वेळी थोडं सांभाळून घ्या, आप्पांचा उजवा कान गेलाय, मशीन लावून काम चाललंय. माझं नाव घेऊ नका.

बाईंनी दोनदा विचारून खात्री केली. मग म्हणाल्या, सांगितलंत ते बरं केलंत. मला स्वतःचं लई कौतुक वाटलं.

रविवारी सकाळी आप्पांच्या दारात गाडी थांबली. सुलभाबाई आणि त्यांचा भाऊ उतरले. विनायक आदल्या दिवशीच बेंगलोरहून आलता. मी कढीपत्त्यापाशीच होते, म्हणून लगेच पोचले. बाई आप्पांना अगदी गोड आवाजात सांगत होत्या, ह्या वर्षी जरा गडबड आहे, पेट्या आहेत तशाच नेते, पुढच्या वर्षी बघू. भाऊ एक पेटी उचलून गाडीकडे निघालासुद्धा.

इतका वेळ उभे असलेले आप्पा स्टुलावर बसले. हातातली कानशी त्यांनी दोनदा पुसली. तीस वर्षांचं गिऱ्हाईक, आणि त्याच्या मागं येणारी सगळी मंडळं. मला तिथंच कसंतरी झालं. मी हे त्यांच्या भल्यासाठी केलतं ना?

“बाई,” आप्पा शेवटी म्हणाले, “काम वाईट झालं व्हय माझं? तसं असंल तर तोंडावर सांगा.”

बाई मुळात सरळ. त्यांना राहवलं नाही. म्हणाल्या, काम वाईट नाही, पण तुमच्या कानाचं कळलं. कुणाकडून ते सांगितलं नाही. सांगितलं नाही, पण बघितलं माझ्याकडे.

विनायक हसायला लागला आणि आप्पांनी त्याला हातानं थांबवलं. म्हणाले, हसू नको, माणसाला शंका आली तर तिचं निरसन करायचं. त्यांनी भावाच्या हातातली पेटी परत खाली ठेवायला लावली, स्वतः भिंतीकडे तोंड करून बसले आणि डाव्या कानात बोट घातलं. “आता वाजवा बाई. एकेक पट्टी.”

बाईंनी एका टोकापासून वाजवायला सुरुवात केली. सातव्या-आठव्या पट्टीला आप्पा म्हणाले, थांबा, ही उतरलीय. पुढं आणखी एक, ती चढलीय म्हणाले, थोडीशीच. मग म्हणाले, आणि ह्या पेटीच्या भात्याला डाव्या कोपऱ्यात चीर हाय, वारा जातोय. बाईंनी भाता उघडून बघितला. चीर होती. नखाएवढी.

भाऊ न सांगता गाडीतून उतरवायचं ते सामान उतरवायला लागला. उतरवायला काहीच नव्हतं, पण त्याला तसं करावंसं वाटलं असावं.

मग विनायकनं मला समोर बसवून सगळं समजावलं. ते कानावरचं यंत्र ऐकू न येणाऱ्यांचं नव्हे, फार चांगलं ऐकू येणाऱ्यांचं. आप्पांच्या गुरुजींच्या देवळातल्या कार्यक्रमांच्या जुन्या कॅसेटी होत्या, त्या त्यानं फोनमधे भरून दिल्या. गाण्यामागची पेटी बारीक ऐकू यावी म्हणून हे भारी हेडफोन.

“काकू, तुमच्या गच्चीवर टाकी हाय न्हवं? लहान मोटरनं पाणी चढतंय काय?”

म्हटलं, धार येते, टाकी भरत नाही.

“तसंच. फोन म्हणजे लहान मोटर. हेडफोन म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची टाकी. म्हणून हा मोठा डबा, अँप्लिफायर. आणि पाणी गढूळ असंल तर चढवून काय उपयोग? म्हणून फोनमधलं गाणं स्वच्छ करून देणारा हा छोटा डबा. दोन्ही एकमेकांना आणि टाकीला जमणारे पाहिजेत, तेच बघण्यात सहा महिने गेले.”

हे मला समजलं. बेळगावात मोटरचं कुणाला समजत नाही? मग त्या दिवशी फोनवर उजवा कान बंद म्हणत होते, ते काय?

ते असं, की दोन डब्यांना जोडणारी उजव्या बाजूची लाल पिन शारदावैनींच्या हातनं फडकं मारताना निम्मी निघाली होती. विनायकनं फोनवर आप्पांना हेडफोन उलटा घालायला लावला. उलटा घातल्यावर डावा कान बंद आणि उजवा चालू झाला, म्हणजे कान ठीक, दोष वायरीत. हा भाग माझ्या कुकरनं खाल्ला. आणि आईला सांगू नको हे एवढ्यासाठी, की हे बंद पडलं म्हटल्यावर वैनींनी सगळा संसार माळ्यावर टाकला असता. पिन तर काल विनायकनं बसवलीसुद्धा.

इथं मी उठून घरी जायला पाहिजे होतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि शारदावैनी तर अशा बघत होत्या की मला वाटलं, निदान काहीतरी आपलं बरोबर निघायला पाहिजे. मी म्हटलं, बघू तरी बसलीय का तुमची पिन, आणि हेडफोन घातला.

काय सांगू, डाव्या बाजूला देऊळच उभं राहिलं. टाळ, माणसांचं खोकणं, पेटीचा भाता हलल्याचासुद्धा आवाज. उजवीकडं मात्र सगळं लांब, गोधडीखालनं आल्यासारखं. मी दोन मिनिटं नीट ऐकलं, खात्री केली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, “विनायक, न्हाय झालं दुरुस्त. उजवीकडं अजून बंदच हाय. म्हणजे मी एकदमच चुकले न्हाय.”

विनायकनं बापाकडं बघितलं. मग पुढं आला, आणि माझ्या डोक्यावरचा हेडफोन काढून उलटा घातला.

डावीकडं देऊळ. उजवीकडं गोधडी.

सुलभाबाई पेट्या मोजत होत्या, त्या सहा आहेत हे त्यांना माहीत असूनही. शेवटी आप्पाच हळू म्हणाले, आणि बोलताना ते उठून माझ्या डाव्या बाजूला आले. “मशीन ठीक हाय, मंगलाक्का.”

बुधवारी मी डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, तुमचा कान पार गेलेला नाही, ऐकणं निम्म्याच्या खाली आलंय, आणि हे काही आजचं नाही. म्हणजे मी गल्लीत पसरवलेली बातमी अगदीच खोटी नव्हती. कान उजवाच होता. गेलेला नव्हता, जात होता. आणि माणूस तेवढा चुकला.

घरी येऊन मालकांना सांगितलं. वाटलं, बिचारे घाबरतील. ते पेपर वाचत म्हणाले, म्हाईत हाय.

“कधीपासनं?”

“तीन वर्सं झाली असतील. सगळ्या गल्लीला म्हाईत हाय.”

माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. म्हटलं, सगळ्या गल्लीला माहीत आणि मला कुणी सांगितलं नाही?

“गल्लीत बातम्या सांगायचं काम तुझ्याकडं,” ते म्हणाले. “तुला कोण सांगणार?”

पुढं आणखीही काहीतरी म्हणाले, बराच वेळ बोलत होते. पण तोवर ते माझ्या उजव्या बाजूला येऊन बसले होते.