लेकीच्या बेटावर माझा खर्च

माझी लेक अंदमानात राहते. जावई आधी न्हावा शेवाला क्रेन चालवायचा, आता अंदमानच्या बंदरात चालवतो. लेक दर रविवारी फोनवर म्हणायची, "बाबा, या ना." मी टाळत होतो. आमच्यात रीत आहे. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं फुकट खायचं नाही. खाल्लंच तर ताटाखाली पैसे ठेवायचे. ती पनवेलजवळ असती तर उभ्या उभ्या भेटून परत आलो असतो. पण समुद्रापलीकडे महिनाभर राहायचं तर उपाशी कसा राहणार? शेवटी ठरवलं, जायचं, पण आपलं आपण खायचं.

विमानात पंधरा किलो सामान चालतं. त्यात कपडे दोन जोड. बाकी सगळं तांदळाचं पीठ, आणि करंजाहून आणलेले सुके बोंबील नि जवळा. पिशवीत पिशवी घालून बांधलं, तरी यायचा तो वास आलाच.

लेकीनं गाठोडं सोडलं आणि हसत सुटली. "अवो बाबा, चारी बाजूला दर्या, आन् तुमी म्हावरं घेऊन आलात? त्यापरीस कांदे आणायचे!"

"का? हितं कांदे मिळत नाय?"

"मिळतात तर. बाजारात जाऊन बघा."

लेकीनं मला चुलीजवळ फिरकू दिलं नाही, म्हणून पहिल्या दिवशी जेवून उठताना मी ताटाखाली नोट ठेवली. चौथीपर्यंतच शिकलोय, पण हिशेबाला पक्का. जन्मभर ट्रेलर चालवला. कळंबोलीहून निघताना जी खर्ची हातात पडेल तिच्यात वाटेवरचं सगळं भागवायचं, आणि उरवूनही आणायचं. तर भात, आमटी, भाजी, माशाची तुकडी, असं पनवेलच्या दरानं मनात मांडून नोट ठेवली होती. लेकीनं ती उचलली.

दुसऱ्या दिवशी बाजारात गेलो आणि उभाच राहिलो. कांदा आमच्या दुप्पट. टोमॅटो तर विचारूच नका. म्हणजे काल मी लेकीला कमी पैसे दिले होते. हे काही मला पटलं नाही. मग रोज सकाळी बाजार गाठायचा आणि भाव विचारत हिंडायचं, हा माझा उद्योगच झाला.

"कांदा इतना महंगा क्यों?" मी भाजीवाल्याला विचारलं.

"चाचा, जहाज नहीं आया."

कांदा, बटाटा, लसूण, सगळं जहाजानं येतं. त्यामुळे तिथल्या बायका सकाळी आधी जहाज आलं का ते विचारतात आणि मग आज काय शिजवायचं ते ठरवतात. मला फार नवल वाटलं. मी जन्मभर बंदरातून डबे, म्हणजे कंटेनर, आणले नि नेले, पण आत काय आहे ते ड्रायव्हरनं विचारायचं नसतं. कुठल्या तरी डब्यातल्या बटाट्याची कोणी तरी बाई चूल पेटवून वाट बघत असेल, हे डोक्यात कधी आलंच नव्हतं.

उलट नारळ बघावा तर स्वस्त. केळी, पपई, माठाची भाजी तिथलीच, तीही परवडते. मासे ताजे, पण वजनावर. मी मासेवालीला म्हटलं, "वाटा लगाव, वाटा." ती काट्याकडे बोट दाखवून हसली. आमच्याकडे कोळणीशी दोन शब्द भांडलं की ती शिव्या देत देत वाट्यावर एखादा मासा वर टाकते. काट्याशी कोण भांडणार?

असे दिवस चालले होते. भाव कळत गेले तशी ताटाखालची नोट मी वाढवत गेलो. मग हवा बिघडली, जहाज लांबलं, कांदा बाजारातून गायबच झाला. लेकीनं त्या दिवशी नारळ नि मोहरी वाटून कालवण केलं, कांद्याशिवाय. चव निराळीच होती. मी बोटं चाटत विचारलं, "नारळ केवढ्याला पडला ग?"

तिनं पळी खाली ठेवली. "बाबा, पुरे करा. दोन वेळा ताट उचलते, दोन वेळा खाली नोट. लग्नाला नऊ वर्सं झाली, मला पोर नाय, ते मला ठाव हाय. तुमी रोज दोनदा नका सांगू."

जावई खाली बघत होता. मग हळूच म्हणाला, "मामा, हात धुवा."

मी हात धुतले. रीत माझ्या आज्यानं पाळली, बापानं पाळली. मी सोडणारा नव्हतो. पण ती पळी ठेवल्याचा आवाज कानातून जाईना.

सकाळी बाजारातून तांदूळ, मासे, नारळ, तेल, माठ, सगळं आणलं. लेकीला चुलीपासून हटवलं. माझ्या पिठाच्या भाकऱ्या थापल्या, बोंबील भाजले, कालवण केलं आणि दोघांना हाक मारली. "या. आज माझ्याकडं जेवायला. मी हाय तवर ही चूल माझी. लेकीकडं बाप खात नाय, बापाकडं लेक खाते."

लेक पुढं आली. मग पाटावर पाय पसरून बसली. "म्हंजे मी माहेरी आले?"

"आलीस."

"मग माहेरवाशीण भांडी घासत नाय हां, बाबा."

जावई हसला. भांडी मी घासली, त्या दिवशी आणि पुढं सगळे दिवस. जहाज आलं का, हे आता मीच भाजीवाल्याला विचारायचो. ताटाखाली काही नसायचं.

निघताना लेकीनं विमानतळावर हातात डबा दिला. "भाकरी नि जवळ्याची चटणी हाय. वाटेत खा. तुमच्याच पिठाची हाय, घाबरू नका."

विमानात डबा उघडला. भाकरी कडेला चिरली होती, रंगानं जरा लाल. पनवेलचं पीठ तर कधीच संपलं होतं, आणि मी दुसरं आणलं नव्हतं. पिठाचा डबा मीच पालथा घालून झटकला होता.

मी भाकरी मोडली आणि चटणीला लावून खाल्ली. सगळी खाल्ली.