काकूंनी शिकलेलं भजन

काकू आमच्याकडे यायला लागल्या त्या त्यांच्या लेकीच्या सांगण्यावरून. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर ते सगळ्यांनी सोयीस्करपणे विसरायचं ठरवलं.

लेक म्हणजे माझी शेजारीण, पुण्याची. इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये, आमच्या दोन घरांना मधली भिंत एकच. काका गेल्यावर तिने आईला सहा महिन्यांसाठी इकडे आणलं, आणि नेमकं तेव्हाच तिच्या ऑफिसने सगळ्यांना परत बोलावलं. "तू घरूनच काम करतेस ना? दुपारी आईला तुझ्याकडे बसू देशील? एकटी असली की रडत बसते," ती म्हणाली. मी म्हटलं, त्यात विचारायचं काय.

आम्ही नगरकडचे ख्रिस्ती, पणजोबांपासूनचे. आडनावावरून कोणाला पत्ता लागत नाही, पण शेजारणीला माहीत होतं. माझ्या ख्रिसमसच्या करंज्या ती दरवर्षी हक्काने मागून न्यायची.

मला काम करता करता गुणगुणायची खोड आहे. आईची भजनं, टाळ-पेटीवरची. एका दुपारी काकू मटार सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, "हा कोणता गं अभंग? कधी ऐकला नाही." मी सरळ सांगितलं, काकू, हे येशूचं भजन आहे. त्यांनी हातातली शेंग सोलून संपवली. मग म्हणाल्या, "चाल तर आपलीच आहे. पुन्हा म्हण."

तेव्हापासून रोजचंच झालं. पहिली ओळ त्या म्हणायच्या, दुसरी मी. सूर यथातथाच, पण पाठांतर माझ्यापेक्षा पक्कं.

एकदा त्यांनी विचारलं, "तू जेवणाआधी डोळे मिटून त्याच्याशी काय बोलतेस?" मी म्हटलं, विशेष काही नाही हो, दिवसभरातलं सांगते. डेडलाइन, गुडघा, पोराचं कॉलेज. "मग आमच्या ह्यांचंही सांग," काकू म्हणाल्या. "मला झोप लागत नाही गं." मी त्यांचा हात धरला आणि मोठ्याने सांगितलं, मराठीत, जसं सुचलं तसं. त्या खूप रडल्या, आणि मग आल्याचा चहा मागितला. दुसऱ्याला आपला विश्वास सांगणं म्हणजे हे, असं मला त्या दुपारी वाटलं. मूर्ख मी.

काकूंनी ते भजन घरी दिवा लावताना म्हटलं.

शेजारीण त्याच संध्याकाळी आली. "मी आईला सोबतीसाठी पाठवलं होतं यार, कन्व्हर्ट करायला नाही." माझी जीभ तिखट. म्हटलं, बाईसाहेब, तुमच्या आईला एक चाल आवडली, तर लगेच कन्व्हर्ट? तुम्ही माझ्या करंज्या खाल्ल्यात, मग तुमचंही झालंच म्हणायचं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "तुमच्यात असं करतातच ना? आधी चहा पाजायचा, मग हळूहळू ओढायचं."

'तुमच्यात.' इतक्या वर्षांत हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. मी दार लावून घेतलं आणि ओट्याशी उभी राहून रडले. दुसऱ्या दिवसापासून काकू आल्या नाहीत. दुपारभर भिंतीपलीकडे टीव्ही चालू असायचा.

रविवारी चर्चमध्ये, आमच्या छोट्या गटात, मी हे सगळं सांगितलं. माणसं चांगली आहेत, खोटं कशाला बोलू. मी नवीन होते तेव्हा त्यांनी विचारलं होतं की तू येशूकडे कधी आलीस, आणि मी म्हटलं होतं, माझ्या पणजोबांना विचारा. त्या दिवशी मात्र थट्टा करायचं त्राण नव्हतं. एका बाईने माझे दोन्ही हात धरले आणि विचारलं, "किती जवळ आली होती ती?" माझ्या जवळ नव्हे, येशूच्या. मग सगळ्यांनी काकूंच्या तारणासाठी, म्हणजे त्यांनीही येशूला मानावं म्हणून, प्रार्थना केली. एकाने सल्ला दिला, पुढच्या वेळी घाई करू नकोस, आधी मैत्री नीट मुरू दे. त्या म्हाताऱ्या बाईजवळ आता दुपारी कोण बसतं, हे एकानेही विचारलं नाही.

घरी ड्राइव्ह करताना मला कळलं की शेजारीण खरं बोलली होती. निदान माझ्या माणसांबद्दल तरी. आणि मग माझं मलाच कळेना. तो चहा नुसता चहाच होता का? काकूंचा हात मी कशासाठी धरला होता? मी देवाला विचारलं. नेहमी बोलते तसंच बोलायला गेले, पण शब्दच फुटेना. अजूनही फुटत नाही.

काकू परत निघाल्या त्या सकाळी बेल वाजली. दारात त्या, अंगात स्वेटर, पायात नवे बूट. मागे लेक गाडीत बॅगा ठेवत होती आणि आमच्याकडे बघत होती.

"निघते हं," काकू म्हणाल्या. मग हलक्या आवाजात त्यांनी पहिली ओळ म्हटली आणि थांबल्या.

दुसरी ओळ माझी होती. अगदी जिभेवर होती. पण ती आता काकूंसाठी उरली नव्हती. म्हटली असती, तर लेकीने ती ओढण्यात धरली असती आणि चर्चमधल्यांनी जवळ येण्यात.

"विसरलीस?" काकूंनी विचारलं.

मी मान हलवली, हो म्हणून.

"म्हातारी मी, आणि विसरतेस तू," त्या हसल्या, माझ्या गालावरून हात फिरवला आणि गाडीत जाऊन बसल्या.

माझ्या देवाबद्दल मी कोणाला काही सांगितलं, ते हे शेवटचं. मी विसरले, एवढंच.