आईच्या आवाजाची रिंगटोन

लातूरला आमच्या क्लासच्या जिन्याखाली एकाचं मोबाईलचं दुकान आहे. मी वर फिजिक्स शिकवतो. होस्टेलवरच्या पोरांकडे बटनांचे जुने फोन असतात. घरच्या नंबरला हा आईच्याच आवाजाची रिंगटोन लावून देतो. ॲडमिशनला आलेल्या आईला स्टुलावर बसवून म्हणतो, "बोला मावशी, लाजू नका." मग हेडफोन लावून तो आवाज साफ करत बसतो. खोकला, हसणं, मागचं बोलणं, सगळं कापतो. "रिंगटोन कशी, पहिल्या शब्दापासून वाजली पाहिजे," हे त्याचं ठरलेलं वाक्य. माणूस किल्लारीचा. भूकंपात गेलेल्या आईचा आवाज आता आठवत न्हाई, एवढंच एकदा बोलला होता.

मागच्या महिन्यात लोह्याच्या एका पोरानं होस्टेलवर जीव दिला. आमच्याच क्लासचा. बंद दाराआड त्याचा फोन वाजत राहिला होता, "बाळा, उचल की रे."

परवा त्याचे वडील तोच फोन घेऊन दुकानात आले. मी जिन्यावर उभा होतो.

"यात पोराचा आवाज असंल तर माझ्या फोनवर टाका."

दुकानदारानं फोन बघितला, कॉम्प्युटर बघितला. मग हेडफोन काढून ठेवला.

"होता, काका. मावशी बोलायच्या आधी 'आये, बोल की, रेकॉर्डिंग सुरू झालंय,' म्हणला होता. लई हसला होता. मीच कापलं ते."

"बघा की. कुठं तरी असंल."

तो पुन्हा शोधायला बसला. वर तासाची बेल झाली. मी शिकवायला गेलो.