मार्थाबाईंनी न दिलेला सलाम

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या मासिकात मी लिहिले होते की मार्थाबाईंनी दारी आलेल्या एका प्रचारकांना पाणीही न विचारता परत पाठवले आणि आम्ही सगळ्या बाईंच्या पाठीशी उभ्या होतो. दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. बाईंनी पाणी दिले होते. आणि प्रचारकांना औरंगपुऱ्यातून स्कूटीवर बसवून बाईंच्या दारी मीच नेले होते. बाईंच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात तरी खरे यावे.

बाईंची माझी ओळख हर्सूलच्या रविवारच्या शाळेतली. आमच्या घरात शिकलेली मी पहिली. माझे फॉर्म बाईंनी भरले, परीक्षेला डबा बाईंनी दिला. भांडायला आलेल्या पालकालाही त्या आधी खुर्ची देत. कोणाचा सलाम त्यांनी नाकारल्याचे मी पाहिले नव्हते.

हे प्रचारक औषध घेणे म्हणजे अविश्वास, असे शिकवतात. त्यांचे ऐकून माझ्या आईने रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्या होत्या; बाईंना ते ठाऊक होते. त्या दिवशी बाईंच्या दारात ते म्हणाले, "सलाम, बाई."

बाईंनी तांब्या पुढे केला. "पाणी घ्या. उन्हातनं आलात."

"सलाम तर घ्या."

"तो नाय घेणार. पुढच्या घरी सांगाल, मार्थाबाईंनी सलाम घेतला. मग तिथल्याबी गोळ्या बंद."

"म्हातारपणी लई कडक झालात."

"मास्तरीण हाय मी. आत्ता कळलं व्हय?"

मी हादरले. खोटे शिकवणाऱ्याला घरात घेऊ नये, सलामही करू नये, नाहीतर त्याच्या कामात आपण भागीदार होतो, हे बायबलमधले वचन बाईंनीच शिकवले होते. मला ते पाठ होते. पण कोणी तसे खरोखर वागेल, हे मनातही आले नव्हते.

ते गेल्यावर बाई रागावल्या नाहीत. "आईच्या गोळ्या कुठं हायत?" एवढेच विचारून माझ्या मागे स्कूटीवर बसल्या. आईने त्यांच्यासमोर गोळी घेतली.

तरीही दर महिन्याला त्या प्रचारकांची सभा आमच्याच घरी भरते. शेजारच्या घरांना मीच बोलावले होते. आता नाही म्हणायला जीभ रेटत नाही. सभा झाली की आई दोन दिवस गोळीला हात लावत नाही.

बाईंना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, ही माझी रोजची प्रार्थना आहे. हा ग्रंथ त्यांच्या हाती रविवारी पडेल. पुढची सभा त्यानंतरच्या शुक्रवारी आहे. आमच्या घरात यापुढे सभा नाही, हे मी प्रचारकांना दारातच सांगणार आहे, त्याच शुक्रवारी.