वळवाच्या दुपारची झोप

त्या वर्षी मी इतकी दमले होते की मे महिन्यात डोंगरावर जायचं ते डोंगर बघायला नाही, झोपायला, असं मी मैत्रिणींना सरळ सांगून टाकलं होतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आळेफाट्याजवळच्या एका हायस्कुलात मी शिकवत होते. पेपर तपासून, निकाल लावून, धाकट्या दिराचं लग्न उरकून, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना नणंदेच्या हवाली करून मी निघाले होते. आम्ही शाळेतल्या पाचजणी दर उन्हाळ्यात दोन दिवस कुठला तरी डोंगर चढायचो. घरचे हसायचे. हसू देत. दोन दिवस कुणी 'चहा टाक' म्हणणार नाही, एवढंच मला पुरे होतं.

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, तिथल्या धरणाच्याही पुढे, कड्यावर एक छोटं गाव आहे. तिथे एका जोडप्याने घराशेजारी पत्र्याची लांबोडी खोली बांधून डोंगर चढायला येणाऱ्यांची सोय केली होती. भिंतीवर निळ्या रंगात 'लॉज' असं लिहिलेलं. लॉज म्हणजे सारवलेली जमीन, दहा गोधड्या आणि एक खिडकी. वाण्याच्या फोनवर निरोप ठेवून ती खोली मी महिनाभर आधी सांगून ठेवली होती. त्या महिन्यात कितीदा तरी मी मनातल्या मनात तिथे जाऊन झोपून आले होते.

एसटीच्या शेवटच्या थांब्यापासून दोन तासांचा चढ. टळटळीत उन्हात वर पोचलो तर खोलीभर हिरडा पसरलेला, पाय ठेवायला जागा नाही. झाडावर चढून कोवळा हिरडा काढायचा, काळा खडखडीत होईपर्यंत वाळवायचा आणि व्यापाऱ्याला घालायचा, हे तिकडचं उन्हाळ्यातलं मोठं काम. या घरचा हिरडा अजून अर्धवटच वाळलेला होता.

घरात बाई एकटीच होती. नवरा बाजाराला घोडेगावला गेलेला. माझ्याच वयाची असेल. पदराने हात पुसत म्हणाली, "आज वारं साफ पडलंय, बाई. वळीव येतोय का काय, म्हून आत घेतला. तुमी आमच्या पडवीत टेका ना. लई गार हाय."

मला पडवी नको होती. दार लोटून घेता येईल अशी खोली हवी होती. मी वर्गात वापरते तो आवाज काढला. "आम्ही महिनाभर आधी सांगितलंय. खोली मोकळी करून द्या."

तिने आभाळाकडे पाहिलं. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. "आमचा पावसाळा याच्यावरच निघतो. भिजला की बुरशी येती, मग कुणी इचारीत न्हाई."

"ढग आले तर हाक मारा," मी म्हणाले. "पाचजणी आहोत आम्ही. पाच मिनिटांत आत घेऊ."

माझ्या या शब्दावर तिने पाटी उचलली. घरामागच्या कातळावर सगळा हिरडा नेऊन पसरायला तिला बराच वेळ लागला. आमच्यातल्या दोघींनी हात लावला. मी पायरीवर बसून टाचांना बाम चोळत होते.

जेवणं झाल्यावर बाकीच्या चौघी कड्याच्या टोकाला कोकण बघायला गेल्या. मला येताय का म्हणून विचारलं, तर मी हात जोडले. गोधडी अंथरली आणि आडवी झाले. उशीला डोकं टेकल्याचंही नीट आठवत नाही.

जाग आली ती पत्र्याच्या आवाजाने. वारा असा सुटला होता की छप्पर उडून जातंय असं वाटत होतं. खोलीत अंधारून आलेलं. आणि त्या गोंगाटातून हाक आली, "ओ बाई! बाई, उठा! हिरडा!"

मला स्पष्ट ऐकू आलं. कशाची हाक आहे, कुणी कबूल केलंय, सगळं डोक्यात होतं. चौघी परतल्या नाहीत, म्हणजे ती एकटीच आहे, हेही कळलं. पण मी उठले नाही. पाय दुखत होते हे खरं, पण पाय काही मोडले नव्हते. वर्षभर मी प्रत्येक हाकेला उठले होते. सासूबाईंच्या, मुलांच्या, शिपायाच्या, कुकरच्या शिट्टीच्यासुद्धा. एकदा तरी कुणी हाक मारावी आणि मी जाऊ नये, असं मला वाटलं. नेमकी तिचीच हाक मला सापडली.

तिने तीनदा हाक मारली. मग थांबली.

गारा सुरू झाल्या. पत्र्यावर कुणी खडी ओतावी तसा आवाज. दार ढकलून ती आत आली, तेव्हा मी डोळे मिटून घेतले. कोपऱ्यात पाटी रिकामी केल्याचा आवाज आला. ती धापा टाकत होती. आता ही हलवून उठवेल, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर तसं झालं असतं तर मी सुटले असते. पण ती माझ्यावरून वाकली ती उशाची खिडकी लावायला, कारण पाऊस आत माझ्या अंगावर येत होता. माझ्या पायांवर तिने गोधडी ओढली आणि पुन्हा बाहेर पळाली. अशा चार खेपा मी मोजल्या. पाचवी झालीच नाही.

पाऊस अर्ध्या तासात सरला. चौघी चिंब होऊन आल्या, रुमालात गारा घेऊन, हसत. मग त्यांचं हसणं थांबलं. कातळावरून पाणी उताराला लोटलं होतं आणि त्याबरोबर निम्म्याहून जास्त हिरडा दरीत गेला होता. उरलेला चिखलात. त्या वेचायला धावल्या. त्यातल्या एकीने विचारलेलं मला खोलीत ऐकू आलं. "अहो, आमच्या बाईंना नाही का उठवलंत?"

"न्हाई उठवलं," ती म्हणाली. "गाढ झोपल्या व्हत्या. लई दमल्या असतील."

मी उठून दारात आले. केस सारखे केले, डोळे चोळले, नुकतीच जाग आल्यासारखं. ती चिखलात उकिडवी बसून एकेक हिरडा लुगड्याला पुसून पाटीत टाकत होती. मला बघून तिने मान वर केली. कपाळावर गारेचा लाल वळ उठला होता.

"झाली का झोप, बाई?" तिने विचारलं.

मी हो म्हणाले.