एका फेरीसाठी बांधलेलं जहाज

पर्वत पाटिया भागातल्या दवाखान्यात गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख घ्यायला सुनेने मला जवळजवळ ओढतच नेलं होतं. मी एकच धोशा लावला होता, "अगं, सत्तरी उलटली, आता कशाला चिरफाड? चल घरी."

शेजारी एक म्हातारे गृहस्थ लोखंडी बाकावर बोटाने टकटक करून कान लावून ऐकत होते. मला काही राहवेना. "काका, काय ऐकता हो?"

"गंज, बेन. खलाशी होतो ना. आतून गंजलेलं लोखंड बद्द वाजतं. सवय जात नाही."

मग सांगतच सुटले. त्यांचं मालवाहू जहाज दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत घाईघाईने बांधलेलं. दारूगोळा घेऊन एक फेरी झाली तरी पुष्कळ, असं बांधणाऱ्यांनीच धरलेलं. तसली जहाजं भर समुद्रात तडकायची, म्हणून याच्या कुशीला नंतर पोलादी पट्टा ठोकला. लढाई संपली, तरी ते गहू, कापूस, सिमेंट वाहत राहिलं.

"मग बुडालं का हो शेवटी?" सुनेने विचारलं.

"बुडेल कशाला? म्हातारं होऊन भंगारात मोडायला किनाऱ्यावर आलं, तेही स्वतःच्या इंजिनावर!" माझ्या गुडघ्याकडे बघून ते हसले. "खरी कमाई त्याने पट्टा बसल्यावरच केली, बेन."

तेवढ्यात नर्सने मला हाक मारली. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. सून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी तिचा हात धरून उठले आणि म्हटलं, "जवळची तारीख माग गं. दिवाळीला गावी जाताना स्टेशनचा जिना मला कुणाचा हात न धरता चढायचाय."